अकरा डब्यांतला वेल

आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मनी प्लांटचा वेल होता. नोकरीसाठी लातूरहून निघाले तेव्हा तिने त्याचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. "खोलीत काहीतरी हिरवं असू दे," म्हणाली. दोन वर्षांनी आई गेली, मागोमाग ते घरही सुटलं. तिचं म्हणून जिवंत असं माझ्याकडे एवढंच उरलं, कॉफीच्या बाटलीतला तो वेल.

तेव्हा मी पुण्याजवळच्या नांदे गावात एका शेतकरी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. घरमालकिणीला मी काकू म्हणायचे. त्यांचं रान बिल्डरला गेलं होतं, आता त्या आम्हा भाडेकरूंवरच पिकासारखी नजर ठेवायच्या. कोण जेवलं नाही, कोण खोकतंय, कुणाची कॅब चुकली, सगळं त्यांना माहीत असायचं. वैताग यायचा, आणि आता त्याचीच आठवण येते.

वेलाचे मी फार लाड करायचे. पाणी बदलायचं, ओल्या कापसाने पानं पुसायची, जाईल तिकडे दोऱ्याचा आधार द्यायचा. तीन भिंती फिरून तो दारापाशी आला होता. मधे नुसती उघडी दांडी आणि टोकाला चार बारकी पानं, हे मला दिसायचंच नाही. मी लांबीवर खूश होते.

एका मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेले. चावी काकूंकडे दिली, पाणी घाला म्हणून. परत येऊन बघते तर भिंती मोकळ्या आणि बाटलीत वीतभर बुंधा. काकूंनी दोडक्याच्या वेलाचं करतात तेच केलं होतं. शेंडा खुडला होता, आणि हात लागलाच आहे तर बाकीचाही छाटला होता.

"नुसता पळत हुता त्यो," काकू म्हणाल्या. "अंगात कायबी न्हाई. शेंडा मारल्याबिगर येल फुटत न्हाई, बाय. अन् टाकलं न्हाई काय, डोळा बघून तुकडं केल्यात."

गच्चीत रंगाचे रिकामे डबे मांडलेले होते, अकरा. प्रत्येकात शेणखत आणि आईच्या वेलाचा एकेक तुकडा. एकेका भाडेकरूच्या दारात एकेक डबा ठेवायचा त्यांचा बेत होता, आणि एक स्वतःच्या ओट्यावर.

माझं डोकं फिरलं. "हा माझ्या आईचा वेल आहे. तो असा गावभर वाटायचा नाही," मी म्हणाले. "बरं," काकू एवढंच बोलल्या आणि अकराच्या अकरा डबे एकेक करून माझ्या दारात आणून ठेवले. गुडघा धरून पायऱ्या उतरत होत्या. मी बघितलं आणि जागची हलले नाही.

त्यांचंच बरोबर होतं. महिन्याभरात फुटवे आले, पुढे पानं तळहाताएवढी झाली. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. वर्षभराने हिंजवडीत फ्लॅट घेतला तेव्हा बाटलीसकट सगळे डबे टेम्पोत भरले. काकू फाटकाशी उभ्या होत्या. एकही डबा त्यांनी मागितला नाही, आणि मीही दिला नाही.

फ्लॅटची बाल्कनी काचेने बंद केलेली. उन्हाळ्यात कंपनीने तीन आठवडे बंगळूरला पाठवलं, आणि या वेळी चावी ठेवायला कुणीच नव्हतं. शेजारच्या दारात कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं. परत आले तेव्हा डब्यांत वाळक्या काड्या होत्या आणि बाटली कोरडी. मी फरशीवर बसून हमसाहमशी रडले. नाटकी वाटेल, पण आई पुन्हा गेल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षी काकूंना भेटायला गेले. जुन्या घराच्या जागी इमारत झाली होती, काकू पाचव्या मजल्यावर. चहा देताना त्यांनी विचारलं, "येल कसा हाय?"

"छान आहे," मी म्हणाले.

"एक तुकडा आणशील? हितं मातीच न्हाई गं. हाताला कायतरी पायजे."

पुढच्या रविवारी पिरंगुटच्या नर्सरीतून एक मनी प्लांट घेतला, जुन्या डब्यात लावला आणि नेऊन दिला. काकूंनी एक पान उलटं केलं, अंगठ्याने चाचपलं, खालपासून पेरं बघत वर आल्या. मग डबा हळूच खाली ठेवला.

"ह्यो त्यो न्हाई," त्या म्हणाल्या. "कवा मेला?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तवा एक डबा म्या ठिवून घेणार हुते," त्या म्हणाल्या. "पर तू नको म्हनलीस."