माल्सुनने दोनदा घातलेलं मीठ

थोंगयोंग बंदरावर कालवं फोडणाऱ्या बायकांत ग्वाक माल्सुनचा हात धरणारी कुणी नव्हती. शेजारीण शिंपला नीट धरेपर्यंत हिचं कालव टोपलीत पडलेलं असायचं. डोक्याची गोष्ट मात्र वेगळी. बोलता बोलता शब्द हरवायचा, कामाच्या शेडमधले दिवे डोळ्यांना खुपायचे, आणि कधी इतक्याशा कारणावरून अशी भडकायची की बायका म्हणायच्या, "आज माल्सुनच्या वाऱ्याला उभं राहू नका." प्रेमानेच म्हणायच्या. चार वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याबद्दल मात्र एकीच्याही तोंडी बरा शब्द नव्हता, आणि तो असायचं काही कारणही नव्हतं.

दर डिसेंबरला शेडमधल्या सगळ्याजणी ओकबुनताईच्या अंगणात जमून हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत. कोबी मिठात मुरवायचं काम माल्सुनचं, कारण तिच्या मुठीचा अंदाज कधी चुकत नसे. यंदा तिने ऐंशी गड्ड्यांना मीठ लावलं, घरी जाऊन जवाचा चहा प्यायली, परत आली आणि त्याच ऐंशी गड्ड्यांना पुन्हा लावलं. सकाळी पानं चामड्यासारखी झालेली.

"अगं बये, अख्खा समुद्र आणून ओतलास की!" सगळ्यांत थोरली ओकबुनताई चाखलेलं कोबीचं पान थुंकत ओरडली. बायका खो खो हसल्या आणि दुपारपर्यंत कोबी धूत बसल्या.

हसली नाही ती फक्त हेरिम, माल्सुनची लेक. किमचीचे डबे न्यायला ती बुसानहून आली होती.

"आई, हा साधा विसराळूपणा नाही," ती म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. मग एखादा चांगला वृद्धाश्रम बघू."

माल्सुनला वाटलं, वृद्धाश्रम म्हणजे सुरी गेली, शेड गेली, ओकबुनताईच्या शिव्याही गेल्या. एकसष्टाव्या वर्षी खिडकीशी बसून दुसऱ्याच्या हातचं गिळायचं!

सोमवारी ओकबुनताई कुणी न बोलावता संत्र्यांची पिशवी घेऊन सोबत निघाली. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

"हे वयाचं दिसत नाही. जुन्या माराच्या खुणा असाव्यात," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर उपाय वेगळे. विश्रांती, कामांची यादी, डोळ्यांना गडद चष्मा. रोजचं काम सोडायची गरज नाही. पण मला खरं कळायला हवं. डोक्याला कधी लागलं होतं?"

"पायऱ्यांवरून पडले होते," माल्सुन पटकन म्हणाली. तीस वर्षं हेच उत्तर दिलेलं, ते बरं कसं विसरेल!

"कुठल्या पायऱ्या?" ओकबुनताई उसळली. "तुझ्या घराला एक पायरी नाही! अजून त्या मेल्याची अब्रू झाकतेस? बोल की!"

माल्सुनने मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

"नवरा मारायचा," ती म्हणाली. "केस धरून डोकं भिंतीवर आपटायचा. शुद्ध जायची माझी."

"किती वेळा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते नाही आठवत."

"अकरा," हेरिम म्हणाली.

माल्सुनने दचकून लेकीकडे पाहिलं. "तू तर झोपलेली असायचीस."

"नाही, आई. पांघरुणात तोंड घालून मोजायचे मी. वाटायचं, जखम भरली की संपलं. डोक्यात आत असं राहतं, हे मला कुणी सांगितलंच नाही गं."

पायऱ्यांची गोष्ट माल्सुनने नवऱ्याच्या अब्रूसाठी सांभाळली नव्हती. या पोरीला कळू नये, एवढ्याचसाठी सांभाळली होती. ती तिथेच हुंदके देऊन रडली, आणि ओकबुनताई तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता स्वतःच रडायला लागली.

बऱ्याच वेळाने हेरिमने आईचा कोट उचलला. "चल, घरी जाऊ."

"कुठल्या घरी?" माल्सुनने भीत भीत विचारलं.

"तुझ्या," हेरिम म्हणाली.