वळलेलं वादळ

काल वादळ आमच्या बंदराला न शिवता पश्चिमेला वळलं. ते येणार म्हणून जाळी न टाकताच माझी होडी परत आणणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला मी धक्क्यावर चारचौघांत म्हणालो, “बांगड्या भरा आता, बाबलकाका!” मासळी हुकल्याची चीड होती.

दोर गुंडाळत ते म्हणाले, “शेट, वादळाला पाय नसतात. मोसमाचा मोठा वारा नेईल तिकडं ते जातं. तो फिरला, म्हणून वाचलो.”

डोलकाठीवरचा बावटा फडफडत होता. स्वतःच्या हिमतीवर वर आलो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. कुठले वारे लाभले, ते कधी पाहिलं नाही. लिलावात कुणाला न ऐकणारी माझी जीभ ‘चुकलो’ म्हणायला वळेना. मी दोराचं दुसरं टोक धरलं.