आमच्या घरमालकांची ईद

आमच्या घरमालकांइतका घाईत खाणारा, आणि खाल्लेल्याबद्दल त्याहून कितीतरी जास्त वेळ बोलणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. रिसोड नाक्यापलीकडच्या नव्या वस्तीत मी त्यांचा भाडेकरू आहे. त्यांचं गादी-रजईचं दुकान. जन्मभर लोकांना झोपायचं सामान विकलेला हा गृहस्थ स्वतः मात्र कुठे दोन मिनिटं टेकेल तर शपथ. सकाळचे पोहे नाक्यावर घेणार, तर्रीसाठी तीच प्लेट घेऊन चार गाड्या पुढे जाणार, आणि चहाला तिसरीकडेच, कारण नाक्यावरच्या चहात "साखर हाये, चहा नाही." हे सगळं उभ्यानं. कुणी खुर्ची पुढे केली तर "बसलं का पोट लौकर भरते, सर," असं म्हणून ती माझ्याकडे सरकवणार. मेडशीच्या एका लग्नात तर भर पंगतीतून पत्रावळ हातात घेऊन उठले आणि वरणाला फोडणी कधी दिली हे विचारायला थेट आचाऱ्याच्या भगोण्यापाशी जाऊन उभे राहिले.

त्यांचं मत कुणाला विचारावं लागत नाही. शेलूबाजारच्या हॉटेलवाल्याला त्यांनी पहिल्याच घासाला सांगितलं होतं, "आज घरी भांडून आले काय तुमी? भजे रागानं तळून राह्यले!" तो खरोखरच भांडून आला होता म्हणे, त्यामुळे हसला. वस्तीत कुणी त्यांच्या बोलण्याचा राग धरत नाही. धरला तो एकाच माणसानं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं. तिला सगळे आपा म्हणतात.

आई लवकर गेली, तेव्हा आपानंच यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. मागच्या ईदेला भर पाहुण्यांत यांनी तिच्या शीरखुर्म्याचा एक घोट घेतला आणि जाहीर केलं, "आपा, पतला झाला. हात आखडला काय तुहा?" आपानं हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाली, "जिथं घट्ट भेटन तिथं जा." तेव्हापासून बोलणं बंद. वर्षभर हा माणूस तिच्या गल्लीला वळसा घालून दुकानात जातो आहे.

यंदा ईदेच्या सकाळी नमाज आटोपून, नवा कुर्ता घालून, अत्तर लावून ते माझ्या दारात उभे. "चला सर, सगळा मोहल्ला करून येऊ." ईदेला ज्या दारात पाऊल टाकाल तिथली वाटी नाकारता येत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी भोळेपणानं निघालो. शिक्षकांचं घर झालं, टेलरचं झालं, टायरवाल्याचं झालं. कुठे खारीक जास्त, कुठे चारोळी कमी, पण आमचे घरमालक एका शब्दानं बोलेनात. मला काळजीच वाटू लागली. प्रत्येक घरी बायका विचारायच्या, "आपाकडे जाऊन आले?" आणि हे "जाऊ, जाऊ" करत अर्धी वाटी घशात ओतून बाहेर. दोनदा आम्ही तिच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि दोन्ही वेळा त्यांना एखादं राहिलेलं घर आठवलं. दुपारपर्यंत शेवया माझ्या गळ्याशी आल्या.

शेवटी मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, "आता माझ्या पोटात एकाच वाटीची जागा आहे. ती कुठं घ्यायची ते तुम्ही ठरवा."

ते टोपी काढून पुन्हा घालत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिनं हाकलून देलं तं?"

"तर दोघं मिळून परत येऊ," मी म्हणालो आणि पुढे झालो.

आपा एकटीच होती. मुलाला यंदा पुण्याहून सुट्टी मिळाली नव्हती. टेबलावर शेजारपाजारहून आलेल्या वाट्या झाकून ठेवलेल्या, एकीलाही हात लागलेला नव्हता. आज त्यांना एकमेकांशी बोलायचंच नव्हतं, म्हणून सगळं भांडण माझ्यामार्फत झालं.

"बसा सर. ज्या घरचा आवडन त्या घरचा घ्या. माहा त्यात कोनताच नाही."

"सर, विचारा हिले, ईदेच्या दिवशी काहून नाही केला?"

"सांगा याले, कोनासाठी करू? पोरगा तिकडे. आन् माह्या हातचं लोकायले पतलं लागते."

घरमालक एकदम म्हणाले, "विचारा, घरात दूध हाये काय?"

"ईदेच्या दुपारी दूध कुठं राह्यते, सर?"

त्यांनी फळीवरची किटली उचलली आणि निघाले. सकाळी जिथं जिथं वाटी घेतली त्या प्रत्येक घरी परत गेले आणि कपभर दूध मागत फिरले. लोकांनी चहासाठी ठेवलेलं दूध दिलं. घामाघूम होऊन आले तेव्हा किटली अर्धीच भरली होती. आपानं ओढणी खोचली, शेवया भाजल्या. दूध पुरेना, तेव्हा तिनं पाणी घातलं. ते मी पाहिलं.

तिनं त्यांच्या हातात वाटी दिली आणि समोर उभी राहिली. त्यांनी घोट घेतला. खोटं बोलता येत नाही हा त्यांचा जन्मजात दोष. आज एकदाच बोला हो, असं मी मनात म्हणत होतो.

"आपा," ते म्हणाले, "पतलाच झाला."

आपा हसायला लागली. हसता हसता ओढणीनं डोळे पुसू लागली. "वर्षभर कोनी काई बोललंच नाही रे मले," ती म्हणाली. "भाजीत मीठ इसरली तरी शेजारीन मनते, लय झकास झाली आपा."

त्यांनी वाटी संपवून परत पुढे केली. ती त्यांच्या कुर्त्यावर सांडलेला थेंब पुसत, जरा दमानं खाय म्हणून रागावत होती. दोघंही उतारवयातले. आईवडील गेले, मधला भाऊ गेला. तिला चुकलीस म्हणणारा आता जगात हा एकच, आणि याला घरातून हाकलायचा हक्क असलेली तीही एकटीच. मी माझी वाटी तशीच ठेवून हळूच बाहेर पडलो. यातलं एक गेलं की दुसऱ्याला असं कोण बोलणार, या विचारानं एकाएकी मला फार वाईट वाटलं. बाकी आम्ही सगळे त्या दोघांशी जपूनच बोलतो.