टेकडीवर माझ्यासोबत कोण चालत होतं

शैलाने फोनवर सांगितलं, "मी नाही येत गं, माह्या गुडघ्यानं दगा देल्ला," तेव्हा नेपाळचा नकाशा माझ्यासमोर टेबलावर पसरलेला होता. मुक्तिनाथपर्यंत आता गाडी जाते, हे ठाऊक होतं. तरी काली गंडकीच्या काठाने, जुन्या पायवाटेने चालत जायचं, असं आम्ही दोघी मैत्रिणींनी ठरवलं होतं. मुक्काम कुठे, दुपारी खोऱ्यात वारा सुटण्याआधी कुठवर पोचायचं, सगळं आखून झालं होतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. शैलाशिवाय सोबत म्हणून कुणी नव्हतंच. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना पहिल्यांदाच मनात आलं, परक्या मुलखात मला काही झालं, तर हा खरंच बघणार आहे का?

सराव मात्र सोडला नाही. आमच्या धामणगाव बढेच्या बाहेर एका टेकडीवर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. पाठीवरच्या पिशवीत ज्वारी भरून, नवे बूट घालून मी सकाळी तिथवर चढून यायची आणि उतरल्यावर फाट्यावर शांतारामच्या टपरीत चहा घ्यायची. एका धुक्याच्या सकाळी कप पुढे करताना त्याने विचारलं, "काकू, ते पाहुणे चाय नाही घेत काय?"

"कोणते पाहुणे?"

"तुमच्या मागं उतरून राह्यले होते ते. उंच माणूस, घोंगडी पांघरलेला."

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. धुक्यात काहीही दिसतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण काही दिवसांनी उतारावर शेळ्या चारणाऱ्या सरजाबाईने मला थांबवलं. "बाई, तुमच्या संगतचा माणूस मुका हाये का वो? मी आवाज देल्ला, तर पाह्यलंबी नाही त्यानं."

त्या दिवशी धुकं नव्हतं.

मग मी कान देऊन चालू लागले. मी थांबले की माझ्या बुटांचा आवाज थांबायचा आणि त्यानंतर मागे आणखी एक पाऊल पडायचं. अनवाणी. वळले तर वाटेच्या धुळीत माझ्याच बुटांचे ठसे. मी टेकडीवर जाणं बंद केलं. शैलाला सांगितलं, तर ती घाबरून म्हणाली, "काऊन जीव धोक्यात घालून राह्यली? राहू दे ते नेपाळ." नकाशा घडी घालून कपाटात गेला.

पण मन स्वस्थ बसेना. एका सोमवारी हातात बेल घेऊन निघालेच. वाटेत मनातल्या मनात महादेवाशी भांडत होते, "गावातल्या गावात तुझ्याकडे यायची भीती वाटते, तर तिकडे कशी येऊ? काय असेल ते आज दाखव."

देवळाच्या अलीकडे वाट वळते, तिथे वारूळ उकरत अस्वल उभं होतं. आमच्या भागात अस्वलाने फाडलेली माणसं मी पाहिली आहेत. मला पाहताच ते मागच्या पायांवर उठलं. त्याच्या नखांना लागलेली माती दिसेल इतकं जवळ. देवाचं नाव घेण्याचंही सुचेना. पण ते माझ्याकडे पाहत नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होतं, आणि त्याची नजर हळूहळू वर वर चढत होती, मागे कुणी उंच होत चाललं असावं तशी. एकही पान हलत नव्हतं, तरी माझ्या मानेवर गार श्वास लागत होता. मग अस्वल लहान लेकरासारखं कुंईकुंई करत खाली टेकलं आणि नाल्यात उतरून गेलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. आधी धीर झाला नाही, मग गरज वाटली नाही. मुठीत चुरगळलेला बेल तसाच पिंडीवर वाहिला आणि मनसोक्त रडले.

टपरीवर आल्यावर शांतारामला विचारलं, "आज दिसले का रे ते?"

"हाव," तो म्हणाला, पण माझ्या नजरेला नजर देईना. "पण काकू, आज ते पुढं होते. तुम्ही त्यायच्या मागून येऊन राह्यल्या होत्या."

तो कोण, हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. मलाच पूर्ण कळलेलं नाही. एवढं मात्र उमगलं, की सगळी वाट मी आखायची आणि देवाने मुकाट्याने माझ्यामागून यायचं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. नकाशा पुन्हा बाहेर काढला आहे. मुलाच्या आग्रहाखातर तिथला एक वाटाड्याही ठरवला. तोही देवाच्याच कृपेने मिळाला, असं मानते. मुक्काम मात्र आता पेन्सिलीने लिहिले आहेत. थांबायचं कुठे आणि परतायचं कधी, ते महादेव सांगेल. पावलं तेवढी माझी.