श्रीलंकेला आम्ही रेडिओ का नेला

श्रीलंकेला जाताना बरोबर काय न्यावं, असं मला आजवर तिघा-चौघांनी विचारलंय. पातळ सुती कपडे, टोपी, पोटाचं औषध आणि मोज्यांचे दोन जोड, कारण देवळात चपला काढाव्या लागतात आणि दुपारची फरशी तव्यासारखी भाजते. रेडिओ नेऊ नका. आम्ही नेला होता. का नेला, हे इतकी वर्षं मी या ब्लॉगवर लिहिलं नाही. आता ती सॅटेलाइट रेडिओची सेवाच बंद पडली, डबा माळ्यावर गेला, तेव्हा लिहून टाकते.

तो रेडिओ माझ्या नवऱ्याचा, भरतचा. मुरबाडच्या एमआयडीसीत तो इलेक्ट्रिशियन आहे आणि नवीन यंत्र दिसलं की त्याचा हात खिशाकडे जातो. वर्षाचे पैसे भरायचे, मग उपग्रहावरून थेट गाणी, बातम्या, एक चॅनल तर अख्खं मराठी. वहीएवढी चपटी अँटेना होती, ती उपग्रहाकडे तोंड करून ठेवली की काचेतल्या रेघा वाढत आणि आवाज असा स्वच्छ येई की बोलणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. मुरबाडच्या आमच्या खोल्यांसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे काही लागेना. म्हणून रेडिओ गेला गावाला, किन्हवलीजवळच्या घराच्या ओट्यावर. तिथून स्वच्छ हवेत घाटमाथ्यावरचा नानाचा अंगठा नावाचा कडा दिसतो, आणि अँटेना नेमकी त्या अंगठ्याकडे धरली की रेघा भरत. आळीतल्या पोराटोरांनाही ते पाठ होतं. दिशा कुठली, असं कुणी कधी विचारलं नाही. दिशा म्हणजे अंगठा.

गावच्या घरी माझी धाकटी जाऊ राहते, यमुना. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्या लग्नाचं लिहावं लागेल.

आमच्याकडे लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती धवले गाते, देवांना बोलावते आणि नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफते. नाव घातल्याशिवाय धवला होत नाही. माझ्या सासूबाई पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण होत्या. मी कल्याणची, शिकलेली, नव्वदच्या दशकातली नवरी. आमचं लग्न हॉलमध्ये, भटजी आणि बँडवाले बोलावून. सासूबाई हळदीला गायला बसल्या तेव्हा माझ्या आईने सांगितलं, हे गावठी नको. मी पाटावर बसले होते. मी काही बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. सासूबाई उठल्या आणि कुणाला पान वाढायचं राहिलंय का ते बघायला निघून गेल्या.

दोन वर्षांनी शेणव्याहून यमुना सून म्हणून आली, आणि सासूबाईंनी तिला सगळं शिकवलं. मी सुट्टीत गावी गेले की दोघी चुलीपुढे गुणगुणत असायच्या. मी आत गेले की गप्प होत. मला ते नको होतं हे मीच पाटावर गप्प बसून सांगितलं होतं, आणि तरी माझ्या पोटात दुखायचं. सासूबाई गेल्यावर यमुनाला गावोगावहून बोलावणी येऊ लागली. लोक तिला लुगडं देत, पाया पडत. मी शाळेत भूगोल शिकवते, माझ्या कुणी पाया पडत नाही.

त्या हिवाळ्यात मराठी चॅनलची माणसं लोकगीतं टिपायला आली. त्यांनी यमुनाला ओट्यावर बसवलं, तासभर गाऊन घेतलं. पुढे निरोप आला: अमक्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता लागेल. सगळ्या गावात मिळून तसला रेडिओ एकच, आमचा. आळीने ओट्यावर बसायचं ठरवलं. त्याच आठवड्यात आमची श्रीलंकेची तिकिटं होती. सिंगापूर परवडत नव्हतं, लंकेला व्हिसाची कटकट नव्हती, युद्धबंदी होती, एवढाच विचार.

गुरुवारी ओट्यावर सगळं गाव यमुनाकडे माना वर करून बघतंय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी भरतला म्हटलं, "अहो, रेडिओ परदेशात लागतो का ते बघायची हीच वेळ आहे."

त्याला एवढंच पुरे होतं. मग त्याला आठवलं, "आणि यमुनाचा कार्यक्रम?"

"तिकडेच ऐकू की. समुद्रापलीकडे ऐकला म्हणून सांगू."

आम्ही रेडिओ आणायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं ती तोंड वाकडं करेल, मग मला रागवायला कारण मिळेल. तिने डबा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणला.

"समिंदराच्या पल्याड?" ती म्हणाली. "न्या मंग वैनी. हतं गावात काय, हतली मान्सं मला लग्नात ऐकतातच. तुमी मातर नीट ऐका हां, शेवटपत्तुर."

मी मान हलवली.

मुरबाडहून एसटीने कल्याण, तिथून टॅक्सीने विमानतळ. अडीच तासांत कोलंबो. उतरल्यावर घड्याळं अर्धा तास पुढे केली. तेव्हा लंकेची वेळ आपल्यापुढे असायची, आता सारखीच आहे, नव्याने जाणाऱ्यांनी चिंता करू नये. हॉटेलची खिडकी समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला. सूर्यास्त सुंदर, रेडिओ ठार मुका. भरत अँटेना घेऊन दोन तास खोलीभर फिरला, एकदा तर न्हाणीघरातही उभा राहिला.

"इथे नानाचा अंगठाच नाही तर लावू कुठे?" तो म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मी आतून खूश होते. नाही लागला तर माझा काय दोष?

दुसऱ्या दिवशी फोर्ट स्टेशनवरून कँडीची गाडी पकडली. तीन तास लागतात, उजवीकडची खिडकी धरा, दऱ्या त्या बाजूला आहेत. डब्यात वडे विकायला येतात, डाळीचा वडा आणि त्यावर अख्खी कोळंबी बसवलेली. दोन खाल्ले की जेवण झालं. खाचरं, बांध, बांधावर माणसं, तांबडी माती. मुरबाडहून इतक्या लांब येऊन पुन्हा भातशेतीच बघतोय म्हणून मी कुरकुर केली. भरत म्हणाला, आपली आता वाळलेली आहेत, ही हिरवी आहेत, एवढं तरी बघ. यांच्या पाण्याचाही मला हेवा वाटला. त्या दिवसांत मला कशाचाही वाटत होता.

कँडीत तळ्याच्या वरच्या अंगाला घरगुती गेस्टहाउस मिळालं. मालकीण सोमाअक्का, साठीची, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. सकाळी नारळाच्या दुधातले आप्पे, तांबडी खोबऱ्याची चटणी आणि लाल तांदळाचा भात. आमच्याकडच्या कुणालाही परका वाटणार नाही. गच्ची मोठी आणि पूर्वेकडून मोकळी. तिथे भरत परत अँटेना घेऊन उभा राहिला आणि प्रत्येक डोंगराला अंगठा समजून पाहू लागला.

आणि इथे मी घोटाळा केला. मला राहवलं नाही. बारा वर्षं मुलांना पृथ्वीगोल फिरवून दाखवलेली बाई मी. म्हटलं, "उपग्रह विषुववृत्तावर उभा आहे, आपल्या पूर्वेला. आपण घरापेक्षा त्याच्या जवळ आलोय. तेव्हा तोंड आणखी पूर्वेकडे आणि आणखी वर करायला हवं." त्याच्या हातातून अँटेना घेतली, वळवली, मागे दोन विटा लावून उचलली. रेघा भरल्या. मराठीत बाजारभाव सुरू होते. कँडीच्या गच्चीवर कांद्याचा भाव ऐकून भरतने मला मिठीच मारली, सोमाअक्कांसमोर. सोमाअक्का म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन तुम्ही आपल्याच घरचं ऐकणार?"

माझी हुशारी मलाच नडली होती. दुसरा दिवस गुरुवार.

गुरुवारी बौद्धांना पूज्य असलेला दात जपणारं दंतमंदिर पाहिलं. फुलांची ताटं घेतलेल्या बायकांची रांग, ढोल, आणि दात काही दिसत नाही, पेटीच दिसते, हे आधीच सांगून ठेवते. भरत चारपासून घाई करत होता. पाचला पाच मिनिटं असताना आम्ही गच्चीत. त्याने हातातलं घड्याळ बघितलं, रेडिओ लावला. कपाशीवरच्या किडीबद्दल कुणीतरी बोलत होतं. पाच झाले, सव्वापाच झाले, कीड चालूच.

"कार्यक्रम बदलला वाटतं," तो हिरमुसून म्हणाला.

त्याचं घड्याळ लंकेचं होतं. गावी अजून पावणेपाच वाजत होते. मला हे ठाऊक होतं. सकाळी उठल्यापासून ठाऊक होतं. मी मूग गिळून बसले.

"तुम्ही स्टेशनवर जाऊन उद्याची तिकिटं तरी काढा," मी म्हटलं. तो खाली गेला.

आता रेडिओ बंद करायचा आणि विषय संपवायचा, एवढंच काम होतं. पण मला ऐकायचं होतं. फक्त ऐकताना मला कुणी बघायला नको होतं. यमुनाचा सूर वर चढला की चिरकतो, हे मी कित्येक लग्नांत टिपून ठेवलं होतं. तेवढं एकदा या स्वच्छ आवाजात ऐकावं आणि सुखाने घरी जावं, असा माझा बेत.

तिथल्या साडेपाचला निवेदिकेने धवला म्हणजे काय ते सांगितलं आणि यमुना खाकरली. ती गाण्याआधी तशीच खाकरते. मग तिने देव बोलावले, ग्रामदेवी, वाघोबा, डोंगर, नदी, एकेकाला नावाने. मागे आमच्या अंगणातला कोंबडा ओरडला. परदेशात बसून मी आमचा कोंबडा ओळखला. सूर चढला, आता चिरकेल म्हणून मी पुढे वाकले.

"शैला नवरी बसली पाटावरी," यमुना गायली.

शैला मी आहे. आमच्या गावात दुसरी नाही. तरी मी स्वतःला समजावलं, घातलं असेल कुठलंतरी नाव. पुढच्या ओळीत नवरा भरत आला. मग कल्याणच्या गणपतची लेक. मग माझी आई, माझा भाऊ, सगळे एकेक करून मांडवात आले. आईने जिथे थांबवलं होतं तिथूनच यमुनाने मला हळद लावायला घेतली. सूर एकदा चिरकलाही. मला ते नंतर आठवलं.

सोमाअक्का कपडे काढायला वर आल्या. मी रडत होते. त्यांनी रेडिओकडे बघितलं आणि विचारलं, "वाईट बातमी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "माझं लग्न लागतंय."

त्या शहाण्या. कपडे घेऊन खाली गेल्या.

भरत आला तेव्हा रेडिओ बंद होता. मी त्याला सांगितलं नाही. पुढचे चार दिवस नुवारा एलियाची थंडी, चहाचे मळे, गॉलचा किल्ला, सगळं पाहिलं. फोटो आधीच्या पोस्टमध्ये आहेत. त्यातल्या एकातही मी हसत नाहीये, असं एका वाचक ताईंनी लिहिलं होतं. त्याचं उत्तर हे.

परतल्यावर पुढच्या रविवारी रेडिओ द्यायला गावी गेलो. शेजारपाजार जमला. भरतने ओट्यावर चढायच्या आधीच सांगून टाकलं, "रेडिओ लागला, पण कार्यक्रम नाय लागला. बदलला असंल."

"जाऊं द्या दादा," यमुना म्हणाली. तिने डबा घेतला, लुगड्याचा तुकडा सोडवून घडी घातली. "माजी आय मातर फुकट आली. तिला रेडू नेल्याचा निरोप उशिरा पोचला ना. शेणव्यासून एसटीनं आली गुरुवारी, रेडू नाय तं हतंच बसली दिवस मावळंपत्तुर. कुटं जाऊन ऐकू म्हनं तुजा आवाज."

यमुनाची आई थकलेली. लग्नांना जाणं तिचं केव्हाच सुटलं होतं. लेक धवलारीण झाल्यावर तिने लेकीचा एकही धवला ऐकला नव्हता. हे मला माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

"लागला होता," मी म्हटलं.

भरत माझ्याकडे बघू लागला.

"तुम्ही गेल्यावर लागला. तिथलं घड्याळ अर्धा तास पुढे होतं. मला माहीत होतं, मी बोलले नाही. रेडिओ न्यायचं माझ्याच डोक्यातून निघालं, आणि तेही कार्यक्रम इथे कुणी ऐकू नये म्हणून."

भरत उठून अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला. पुढे आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, ते बरोबरच होतं.

यमुनाने मला एवढंच विचारलं, "समदा ऐकला?"

"सगळा."

"मंग लागली म्हना हळद," ती म्हणाली. आणि मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाली, "आपल्या आयेनं जाताना मला सांगतलं व्हतं. मोठीचा ऱ्हायलाय, कवा तरी म्हन. आता लगीन नाय तं धवला म्हनायचा कसा? ती मान्सं बोलली, कुनाची पन नावं घाला. मी म्हनलं, बरा टाइम गावला."

सासूबाईंना आम्ही सारे आयेच म्हणायचो. माझ्याशी त्या त्या लग्नाबद्दल एक शब्द कधी बोलल्या नाहीत.

चॅनलकडे आम्ही दोन पत्रं टाकली, कार्यक्रम परत लावा म्हणून. उत्तर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात यमुनाची आई गेली. आता तर सेवाच बंद. रेडिओवर तो धवला जगात कुणी ऐकला असेल तर मला ठाऊक असलेली एकटी मीच, आणि मी तो चोरून ऐकला.

लंकेतून काय राहिलं असं विचाराल तर हे. लाल तांदळाची पिशवी पंधरा दिवसांत संपली. हेवा संपला असं लिहिलं तर खोटं होईल. परवा किन्हवलीत एका लग्नात यमुना गात होती. तिने नवरीचं नाव घातलं, कुठल्याशा अश्विनीचं, आणि माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. त्या मुलीच्या बाजूला तिची आई बसली होती, आणि सगळा मांडव ऐकत होता.