खाणीतला विद्यार्थी

१९०८च्या सप्टेंबरात एल्मर्टन कॉलेजचा फुटबॉल कप्तान क्लॅरेन्स प्रुइट गावाबाहेरच्या दगडखाणीवर गेला, तो काही दगड बघायला नव्हे. तिथे टॉर्वाल्ड एंगेन नावाचा सव्वीस वर्षांचा नॉर्वेजियन गडी घण चालवत होता. प्रुइटने त्याचे खांदे नजरेने मापले आणि दुसऱ्या दिवशी टॉर्वाल्ड कॉलेजात दाखल झाला.

यात कुणाला वावगं वाटलं नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या कॉलेजांत असले विद्यार्थी पानं पिकली की येत आणि नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना आटोपला की टर्कीच्या हाडांबरोबर नाहीसे होत. प्राध्यापक त्यांना प्रश्न विचारत नसत, ते प्राध्यापकांना त्रास देत नसत. लॅटिनचे प्रोफेसर लाउडर तेवढे हा शिष्टाचार पाळत नसत. त्यांनी पहिल्याच तासाला टॉर्वाल्डला उभं करून एक शब्द चालवायला सांगितला. टॉर्वाल्डला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कुणी न विचारताच तो उभा राहिला आणि शब्द सगळा चालवून खाली बसला. लाउडर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

नऊ वर्षं खाणीत त्याला एकच प्रश्न विचारला गेला होता: "उचलशील का?" इथे दुसरे प्रश्न होते. त्याला ते फार आवडले.

हंगाम झकास गेला. सात सामने, सहा विजय, तीन मोडलेली नाकं. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे अंगाने रेटारेटीचा खेळ; टॉर्वाल्ड आघाडीच्या फळीत उभा राहून समोरच्या गड्याला बाजूला ठेवायचा, चिरा ठेवावा तसा, जपून. मधल्या वेळात तोंडातल्या तोंडात विभक्त्या. थँक्सगिव्हिंगला बेल्डन कॉलेजही हरलं.

सोमवारी टॉर्वाल्ड वह्या काखेत मारून निघालेला पाहताच प्रुइट धावत आला.

"अरे बाबा, चाललास कुठे? संपला ना हंगाम!"

"तुमचा संपला. आमची क्रियापदं आजपासून."

"म्हणजे तुला खरंच वाटलं, तू विद्यार्थी आहेस?"

टॉर्वाल्डला खरंच वाटलं होतं. वर्गात गेल्यावर कळलं, हजेरीपटातलं त्याचं नाव दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सकाळीच खोडलंय. आता उरली खाण. तो दारातच उभा राहिला. लाउडर खुर्चीतून उठले आणि त्याला घेऊन थेट कुलसचिव हॅच यांच्याकडे गेले.

"यानं प्रवेशपरीक्षाच दिलेली नाही, प्रोफेसर," हॅच म्हणाले.

"मग सप्टेंबरात घेतलंत कसं?"

"तेव्हा तो फुटबॉल खेळत होता."

"अस्सं. मग आता घ्या परीक्षा."

परीक्षा झाली. लॅटिनमध्ये टॉर्वाल्ड उत्तम उतरला आणि बीजगणितात साफ आपटला. तेव्हा त्याला पूर्वतयारीच्या वर्गात, चौदा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसवायचं ठरलं. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून तो आडवा बसू लागला. पण या वेळी हजेरीपटात नाव शाईने लिहिलेलं होतं.

पुढच्या सप्टेंबरात प्रुइट बूट घेऊन हजर.

"चल टॉर्वाल्ड, बेल्डनवाले दात धरून बसलेत."

"नाही रे. तयारीच्या वर्गातल्या पोरांना संघात घेत नाहीत. नियम आहे."

प्रुइट तडक लाउडरकडे. "सर, गेल्या वर्षी तर खेळला की हा!"

"गेल्या वर्षी तो विद्यार्थी नव्हता," लाउडर म्हणाले.

त्या वर्षी बेल्डनने एल्मर्टनला धुऊन काढलं. टॉर्वाल्ड प्रेक्षकांच्या लाकडी बाकांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडला, आणि शेजारी बसलेल्या, खेळातलं काहीच न कळणाऱ्या लाउडरना प्रत्येक वेळी सांगत राहिला, चेंडू कुणाकडे आहे ते.