अग्निशमनचा बंद चॅनेल आणि माझी थाप

आमच्या कारखान्यात ऑन-कॉलचा आठवडा आला की इंजिनिअरने वॉकीटॉकी घरी न्यायची, अशी पद्धत आहे. कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटमध्ये मी ती फ्रिजवर ठेवतो. तिच्यावर आमचा मेंटेनन्सचा चॅनेल असे आणि बटण फिरवलं की कारखान्याच्या अग्निशमन दलाचाही. तो ऐकायला कुणी परवानगी दिली नव्हती आणि मनाईही केली नव्हती, म्हणजे सगळेच ऐकत.

आगी क्वचितच असत. बहुतेक वेळा केबलच्या चरात अडकलेलं मांजर, नाहीतर कामगारांच्या कॅम्पात कुणाच्या तरी फोडणीने वाजलेला अलार्म. मल्याळी फायरमन इंग्रजीत माहिती देई, इजिप्शियन अधिकारी ती पुन्हा विचारी, आणि तिसऱ्या खेपेपर्यंत मांजर आपणहून बाहेर आलेलं असे.

पण कारखान्याच्या बाजूला धूर दिसला की आमच्या इमारतीतली मराठी घरं माझ्याकडे विचारणा करत. आत मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर ठेवावा लागतो. त्यामुळे पाळीवरच्या माणसाची खबर कळायला ही वॉकीटॉकी हाच मार्ग. "काही नाही, पंप तापला होता," असं मी जरा थांबून, भारदस्त आवाजात सांगायचो. या पदावर मला कुणी नेमलं नव्हतं. मी ते मनापासून सांभाळत होतो.

गेल्या वर्षी दलाने आपला चॅनेल एन्क्रिप्ट केला, म्हणजे दलाबाहेर कुणाला तो ऐकू येईना. त्याचा समारंभ झाला. मखमली उशीवर कात्री आली, वॉकीटॉकीच्या आकाराचा केक आला, आणि एका साहेबांनी गुप्ततेच्या महत्त्वावर लाउडस्पीकरवरून वीस मिनिटं भाषण केलं. पूर्वी एका जखमी कामगाराच्या भावाला ती बातमी रेडिओवरूनच कळली होती, असं ते म्हणाले. कारण खरं होतं. त्यामुळे केक खाताना मला नेहमीसारखी टीका सुचली नाही.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी, दुपारी जेवायला बसणार तोच दक्षिणेला, कारखान्याच्या बाजूला, काळा धूर चढला. शेजारच्या वहिनी दारात आल्या. त्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांचे यजमान टेक्निशियन, त्या दिवशी पाळीवर होते.

"भाऊजी, बघा ना काय म्हणतायत."

मी वॉकीटॉकी कानाला लावली. कुणी बोललं की हिरवा दिवा लुकलुके, एवढंच. आवाज शून्य. दिवा सारखा लुकलुकत होता. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि "मला ऐकू येत नाही" हे चार शब्द काही केल्या तोंडातून निघेनात.

"टाकाऊ तेलाच्या खड्ड्यात लागलीय," मी म्हणालो. "आटोक्यात आहे. कुणाला काही झालेलं नाही."

"हुश्श," म्हणत त्या घरी गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्याकडून मिक्सरचा आवाज आला.

बायको मला वाढता वाढता थांबली. "अहो, तो चॅनेल तर बंद केलाय ना?"

"हो."

"मग?"

मी ताट बाजूला सारलं. पुढचे तीन तास वहिनींच्या वाट्याची काळजी मी वाहत होतो. दिवा लुकलुकला की छातीत धस्स होई, आणि थांबला की त्याहून जास्त.

साडेपाचला जिन्यात यजमानांचा आवाज आला आणि मी सोफ्यावर आडवा झालो. दहा मिनिटांत वहिनी हजर.

"भाऊजी, हे म्हणतायत आग कंपनीत नव्हतीच. पलीकडे भंगाराच्या आवारात टायर पेटले होते. आपली गाडी फक्त मदतीला गेली. मग तुम्हाला खड्डा कुणी सांगितला?"

"कुणीच नाही. आता त्याच्यावर काही ऐकू येत नाही, वहिनी."

"आणि यांना काही झालं असतं तर? मी मजेत चटणी वाटत बसले होते."

मी वॉकीटॉकी परत फ्रिजवर ठेवली.

"आमच्या वॉर्डात नवीन मुलींना पहिली हीच गोष्ट शिकवतो," त्या म्हणाल्या. "आपल्याला ठाऊक नसलेलं नातेवाइकाला सांगायचं नाही. कितीही रडला तरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांकरवी शिफ्टच्या कंट्रोल रूमचा टेलिफोन नंबर मागवून घेतला. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं, कारण मी होतो. परवा पुन्हा धूर दिसला. इमारतीतली तीन घरं वहिनींच्या दारात उभी राहिली, त्यांच्यात मीही.

"लाइन एंगेज आहे," त्या म्हणाल्या. "अजून काही माहीत नाही. बसा."

आम्ही बसलो.